लोड लावला आणि सर्व्हर बसला: पहाटेच्या संकलनाआधी काय करायचं

रात्री एक चाळीसला फोन वाजला. "मॅडम, सर्व्हर परत बसला." त्यातला 'परत' कानावर पडला आणि माझी झोप उडाली. नुसता बसला असता तर ठीक होतं. परत बसला म्हणजे मधे कोणीतरी काहीही न बघता तोच लोड, म्हणजे डेटा घाऊक आत ओतण्याचं काम, पुन्हा लावला होता. विचारलं, "कितव्यांदा?" पलीकडे जरा शांतता. "तिसऱ्यांदा."

काम तसं साधं होतं, निदान कागदावर. पुणे जिल्ह्यातल्या एका दूध संघाचा जुना संकलनाचा डेटा आमच्या नव्या सिस्टिममध्ये आणायचा होता. नऊ हजार उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध, आणि प्रत्येक वेळची एक ओळ: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम. सहा वर्षांच्या मिळून सुमारे ३ कोटी ९४ लाख ओळी. सर्व्हर एरंडवण्यातल्या आमच्या ऑफिसात, ८ जीबी रॅमचा. लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि त्याच मशीनवर जावाचं ॲप्लिकेशन. संध्याकाळचं संकलन आटोपलं की लोड लावायचा आणि पहाटे साडेपाचला गावोगावचे काटे सुरू व्हायच्या आत मशीन मोकळं करायचं, असं ठरलं होतं. म्हशीला सांगता येत नाही की आज जरा उशिरा दूध दे.

मी धायरीत, आमचा ज्युनियर ऑफिसात. पुढचं सगळं फोनवरच झालं. त्याला जसं सांगितलं तसंच इथे लिहितेय, त्यामुळे कमांडही बोलल्यासारख्या आहेत.

आधी हात मागे घ्या

सर्व्हर बसल्यावर माणसाला तीन गोष्टी कराव्याशा वाटतात: मशीन रीबूट करणं, डेटाबेस हाताने रीस्टार्ट करणं आणि लोड पुन्हा लावणं. तिन्ही थांबवा. रीबूट केलंत की कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, मेमरीतला लॉग जातो, म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुवून काढल्यासारखं. आणि पोस्टग्रेस बहुतेक वेळा आपलं आपण उठतच असतं. 'रीस्टार्ट आफ्टर क्रॅश' ही सेटिंग मुळात चालूच असते. कनेक्ट करायला गेलात आणि 'द डेटाबेस सिस्टिम इज इन रिकव्हरी मोड' असं उत्तर आलं, तर तो मेलेला नाही, सावरतोय. शेवटच्या चेकपॉइंटपासूनचं (तिथपर्यंतचे बदल डेटाच्या फाइलींत उतरलेले असतात) वॉल, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती वही, वाचून पुन्हा लावत बसलाय. त्याला तेवढा वेळ द्या. या अवस्थेत कोणी घाईने किल डॅश नाइन, म्हणजे प्रोसेस जागीच मारणारी कमांड, दिली तर तो पुन्हा पहिल्यापासून सावरायला लागतो.

'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' ही, सर्व्हर चालू असल्याची खूण ठेवणारी फाइल उडवू नका, हे वेगळं सांगायला नको खरं तर. पण कुठल्यातरी जुन्या चिठ्ठीत हा उपाय लिहिलेला असतोच, आणि रात्री दोनला माणूस कुठलीही चिठ्ठी वाचतो. आधीचा सर्व्हर जिवंत असताना ती फाइल काढून दुसरा उठवलात, तर एकाच डेटावर दोन मालक बसतात. त्यापुढे मग माझ्यासारखीला फोन करूनही उपयोग नसतो.

मग करायचं काय? पोस्टग्रेसचा लॉग उचलायचा, दुसरीकडे कॉपी करून ठेवायचा आणि शांतपणे वाचायचा.

कोणी मारलं ते लॉगच्या शेवटाकडे असतं

लॉगमध्ये सगळ्यांत खाली बघू नका. तिथे बहुतेक वेळा बिचाऱ्या इतर कनेक्शनांची रडारड असते: माझं कनेक्शन तुटलं, कारण दुसरीच कुठली प्रोसेस विचित्र रीतीने मेली. त्याच्या वर जा. पहिली जी ओळ 'सर्व्हर प्रोसेस' अशी सुरू होते आणि 'वॉज टर्मिनेटेड बाय सिग्नल' असं म्हणते, ती आपली ओळ. सिग्नल म्हणजे प्रोसेसला मिळालेला इशारा, आणि त्याचा आकडा महत्त्वाचा.

आमच्या लॉगमध्ये होतं: सिग्नल ९, किल्ड. तिन्ही वेळेला.

पोस्टग्रेस स्वतःहून सिग्नल ९ ने मरत नाही. तो बाहेरून येतो. मारणारे बहुतेक वेळा दोनच: कोणी माणूस, नाहीतर कर्नल. माणूस नसल्याची खात्री केली ("तू केलंस का? खरं सांग, रागावणार नाही."), मग कर्नलला विचारलं. 'डीमेसग' ही कमांड, मोठा टी लावून, म्हणजे वेळ वाचता येण्याजोगी दिसते. त्यात शोधायचं: 'आउट ऑफ मेमरी', आणि पुढे 'किल्ड प्रोसेस', प्रोसेसचा नंबर, कंसात पोस्टग्रेस. तो नंबर आणि पोस्टग्रेसच्या लॉगमधला नंबर एकच निघाला की खुनी सापडला. मशीन एव्हाना रीबूट झालं असेल तर 'जर्नलसीटीएल' ला डॅश के आणि डॅश बी, वजा एक असं सांगून आधीच्या बूटचा कर्नल लॉग मागता येतो. जर्नल डिस्कवर ठेवलं जात असेल तरच, अर्थात. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, डेटाबेस चालवत असाल तर त्याच ओळीत 'मेमरी सीग्रुप' असे शब्द दिसतील. म्हणजे मशीनमध्ये रॅम शिल्लक आहे, कंटेनरला घालून दिलेली मर्यादा संपलीय.

इथे ज्युनियरने बरोबर प्रश्न विचारला: मेली एकच प्रोसेस, मग सगळा सर्व्हर का बसला? कारण पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस एका सामायिक मेमरीत हात घालून बसलेल्या असतात. त्यातली एक अर्ध्यात मारली गेली, तर तिने तिथे काय अर्धवट लिहून ठेवलं असेल याची खात्री कोणालाच नसते. म्हणून मुख्य प्रोसेस सगळ्यांना बाहेर काढते, ती मेमरी फेकून देते आणि नव्याने मांडामांड करते. एका कपात झुरळ सापडलं म्हणून अमृततुल्यवाल्याने सगळं आधण ओतून द्यावं, तसं. योग्यच आहे ते.

सिग्नल ९ नसेल तर लॉग दुसरं काही सांगतो. सिग्नल ११ असेल तर एखादं एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला बाहेरून जोडलेला भाग), खराब रॅम किंवा डेटाचं बिघडलेलं पान. एक्स्टेन्शन काढून बघा, रॅम तपासा. मी आजवर दोनदाच पाहिलाय. 'पॅनिक' हा शब्द असेल तर बहुधा डिस्क, त्यावर पुढे येतेच. आणि शेवटी काहीच नसेल, लॉग वाक्य अर्धं सोडल्यासारखा तुटलेला असेल आणि पुढची ओळ थेट 'डेटाबेस सिस्टिम वॉज इंटरप्टेड' असेल, तर मशीनच बंद पडलं होतं. 'लास्ट रीबूट' लिहून वेळ जुळवा आणि यूपीएसकडे बघा. पुण्यात विजेच्या दुरुस्तीचा गुरुवार ठरलेला आहे. बुधवारी रात्री लावलेला मोठा लोड गुरुवारी सकाळी दहापर्यंत चालणार असेल तर तो लावूच नये, हा माझा घरगुती नियम.

रॅम गेली कुठे

मेमरी संपली हे कळलं की लोक रॅम विकत घ्यायला निघतात. आमच्या ज्युनियरचंही "सोळा जीबी करू या का?" सुरू झालं होतं. थांब म्हटलं, आधी हिशेब मांडू.

शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसची सामायिक मेमरी, ३ जीबी. साधारण एकूण रॅमच्या पाव हिस्सा ठेवावा असं धोरण असतं, म्हणजे इथे २ जीबी हवे होते. कोणीतरी सढळ हाताने वाढवलेले. जावाचं ॲप्लिकेशन २ जीबी. झाले पाच. मग वर्क मेम, म्हणजे क्वेरीच्या कामाला मिळणारी मेमरी, मूळ ४ एमबी, आमच्याकडे २५६. हे मात्र माझंच पाप. दहा दिवसांच्या बिलाचा रिपोर्ट हळू चालतो म्हणून मीच दोन महिन्यांपूर्वी वाढवून ठेवलं होतं आणि सगळ्या सर्व्हरला लावलं होतं. ही मर्यादा कनेक्शनमागे नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे (ओळी जुळवायला मेमरीत बांधलेला तात्पुरता तक्ता) असते, आणि हॅशला तर नव्या आवृत्त्यांमध्ये दुप्पट सूट मिळते. रात्री बिलाचे दोन रिपोर्ट शेड्यूलवर होतेच. प्रत्येकात तीन-चार हॅश. तिथे आणखी दीड-दोन जीबी सहज गेले.

तरीही लोडची प्रोसेस स्वतः एवढी का फुगत होती? कॉपी कमांड तर ओळ वाचते, लिहिते, पुढे जाते. तिला मेमरी लागते कशाला?

उत्तर आहे फॉरेन की, म्हणजे या ओळीतला उत्पादक उत्पादकांच्या टेबलात खरंच आहे का, असं तपासणारा नियम. बल्क लोडमध्ये इतक्या लोकांना इथेच ठेच लागलेली मी पाहिलीय, की आता पहिला प्रश्न हाच विचारते. फॉरेन कीची तपासणी ओळ टाकताना होत नाही. प्रत्येक ओळीमागे एक चिठ्ठी रांगेत जाते, 'ही ओळ नंतर तपासायची आहे', आणि कमांड संपली की मग सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून उघडल्या जातात. ही रांग मेमरीत असते. ती डिस्कवर सांडत नाही आणि वर्क मेमची मर्यादाही तिला लागू नाही. आमच्या संकलनाच्या टेबलाला तीन फॉरेन की: उत्पादक, संस्था, दरपत्रक. शिवाय रक्कम उत्पादकाच्या खात्यावर चढवणारा आमचा एक ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा कोड, तोही ओळीनंतर चालणारा. म्हणजे ओळीमागे चार चिठ्ठ्या. ३ कोटी ९४ लाख गुणिले चार: पावणेसोळा कोटी चिठ्ठ्या, एका कमांडमध्ये. एकेक चिठ्ठी इवलीशी असते, मान्य. पण मोजा.

तुम्हाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर लोड चालू असताना 'टॉप' या कमांडमध्ये त्या प्रोसेसच्या आरईएस (वापरातली एकूण मेमरी) मधून एसएचआर (त्यातली सामायिक) वजा करा. आरईएस मध्ये सामायिक बफर्सही मोजलेले असतात, म्हणून तो आकडा एकटा बघून घाबरायचं नाही. वजाबाकी सतत चढत असेल तर तुमची रांग वाढतेय.

म्हणून सोळा जीबी केली असती तर लोड कदाचित पुढे सरकला असता आणि ट्रिगरच्या तोंडी गेला असता. नऊ हजार उत्पादकांच्या ओळी, प्रत्येक ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील नाहीतर एकही नाही, असा गठ्ठा) चार हजारांहून जास्त वेळा अपडेट. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत, आणि जुन्या प्रती ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत हलवता येत नाहीत. नऊ हजार ओळींच्या टेबलात चार कोटींच्या आसपास मेलेल्या प्रती. सकाळपर्यंत काय, दिवाळीपर्यंत चाललं असतं.

याहूनही वाईट गोष्ट मला पावणेतीनला सुचली, चहा ठेवताना. हा सगळा जुना डेटा आहे. त्याचे पैसे उत्पादकांना कधीच मिळालेत. आणि आमचा ट्रिगर प्रत्येक ओळीची रक्कम देय रकमेत मिळवतो. लोड सुखरूप पार पडला असता तर सकाळी नऊ हजार लोकांच्या खात्यावर सहा वर्षांच्या दुधाचे पैसे पुन्हा देणं निघाले असते! कर्नलने तीन वेळा मारलं ते बरंच झालं. संघाचे अकाउंटंट काका आम्हाला रोज एक प्रश्न विचारतात. त्या दिवशी त्यांनी किती विचारले असते, देव जाणे.

डिस्क भरली असेल तर

आमच्याकडे त्या रात्री डिस्क ठीक होती, पण बल्क लोडमध्ये सर्व्हर बसण्याचं दुसरं मोठं कारण हेच, आणि यात लोक भलतंच करून बसतात.

डेटाच्या फाइलला जागा मिळाली नाही तर सर्व्हर बसत नाही. 'कुड नॉट एक्स्टेंड फाइल' असा एरर येतो, तेवढं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं, म्हणजे मागे फिरवलं जातं, आणि बाकीचे कामाला लागतात. वॉल लिहायला जागा मिळाली नाही तर मात्र 'पॅनिक', आणि सगळं बंद. वॉलशिवाय पोस्टग्रेस कोणालाच शब्द देऊ शकत नाही, म्हणून तो दुकानच बंद करतो.

आता 'पीजी वॉल' या फोल्डरमध्ये सोळा-सोळा एमबीच्या शेकडो फाइल दिसतात आणि हात शिवशिवतात. हात लावू नका. आवृत्ती १० येण्याआधी या फोल्डरचं नाव 'पीजी एक्सलॉग' होतं. नावात लॉग दिसला की लोक जुने लॉग समजून उडवायचे आणि डेटाबेस कायमचा घालवायचे. २०१७ मध्ये नाव बदललं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. 'पीजी रीसेटवॉल' ही कमांडही त्याच जातीची. ती सर्व्हर उठवते खरं, पण आतला डेटा एकमेकांशी जुळेल याची हमी न देता.

करायचं ते असं. आधी डेटाबेसबाहेरचं काहीतरी हलवून थोडी जागा करा: जुने बॅकअप, कोणीतरी होममध्ये ठेवलेली सीएसव्हीची झिप. डिस्क वाढवता येत असेल तर वाढवा. मी प्रत्येक सर्व्हरवर दोन जीबी जागा नुसती अडवणारी एक फाइल बनवून ठेवते, नाव 'अडीनडी'. अशा वेळी ती उडवायची, सर्व्हर उठतो, आणि मग शांतपणे कारण शोधायचं. कारण बहुतेक दोनांपैकी एक निघतं. आर्काइव्ह कमांड, म्हणजे वॉल दुसरीकडे साठवणारी, फेल होतेय, त्यामुळे वॉल पुढे पाठवल्याशिवाय पुसता येत नाही. किंवा दुसऱ्या सर्व्हरला बदल पाठवण्यासाठी कधीकाळी बनवलेला रेप्लिकेशन स्लॉट आता कोणी वाचत नाही, पण सर्व्हर त्याच्यासाठी वॉल राखून ठेवतोय. 'पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स' मध्ये 'ॲक्टिव्ह' च्या रकान्यात फॉल्स असलेली ओळ शोधा, तिचा मालक खरंच गेलाय का ते विचारा, मग काढा. आवृत्ती १३ पासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' देऊन या लाडाला मर्यादा घालता येते. ती मुळात अमर्याद असते, म्हणजे द्यावी लागते.

एरर आणि क्रॅश एक नव्हे

"मॅडम, आधी संध्याकाळी पण क्रॅश झाला होता." तो क्रॅश नव्हता. उत्पादकांच्या नावांची फाइल 'इन्व्हॅलिड बाइट सीक्वेन्स' म्हणत थांबली होती. ओळीचा नंबरही दिलेला होता.

जुन्या सिस्टिमचा डेटा इस्कीमध्ये होता, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकातला. तिथे देवनागरीचं एकेक चिन्ह एका बाइटमध्ये बसतं. आमच्या नव्या सिस्टिमच्या यूटीएफ-८ मध्ये तेच तीन बाइट घेतं. पोस्टग्रेसला इस्की कळत नाही, त्यामुळे रूपांतर बाहेरच करून आणावं लागतं. यातली खरी भीती एररची नाही, एरर घालवण्याची आहे. क्लायंट एन्कोडिंग 'लॅटिन १' केलं की एकही तक्रार न करता सगळं आत जातं, आणि नऊ हजार नावांच्या जागी ठिपके-टोप्यांची रांगोळी उमटते. दुरुस्त करता येतं, पण तोवर कोणीतरी ती हाताने सुधारायला घेतलेली असतात.

पडझडीनंतर काय उरलं ते मोजा

पुन्हा लोड लावण्याआधी पंधरा मिनिटं यात घालवाच.

अर्धवट ट्रान्झॅक्शनच्या ओळी दिसत नाहीत. काउंट केला तर टेबल आधी होतं तसंच. पण जागा तर गेलेली असते. टेबलाचा आकार बघितला तेव्हा ज्युनियर म्हणाला, "यात तर फक्त दीड महिन्याचा डेटा आहे, मग एवढं कसं?" तीन फसलेल्या लोडच्या मेलेल्या ओळी होत्या त्या. साधा व्हॅक्यूम, म्हणजे मेलेल्या ओळींची साफसफाई, चालवला. मेलेली पानं टेबलाच्या शेवटीच असल्यामुळे बरीचशी जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परतही मिळाली. व्हॅक्यूम फुल अशा वेळी लावू नये. तो टेबल कुलूपबंद करतो आणि वर दुसऱ्या प्रतीसाठी जागा मागतो.

आयडीचे आकडे मागे येत नाहीत. प्रत्येक फसलेल्या लोडने कोट्यवधी नंबर खाल्ले. आयडी साधा इंटिजर असेल तर मर्यादा २१४ कोटींच्या आसपास संपते. एकदा बघून ठेवा.

अनलॉग्ड टेबल, म्हणजे ज्याचे बदल वॉलमध्ये जात नाहीत असं, वापरलं असेल तर क्रॅशनंतर ते रिकामं असतं. बिघडलेलं नसतं, मुद्दामच रिकामं केलेलं असतं. ज्युनियरने पहिल्या क्रॅशआधी स्टेजिंगमध्ये, म्हणजे डेटा आधी उतरवायच्या तात्पुरत्या टेबलात, दोन तास साफसफाई केली होती, ती अशीच गेली. त्याला हे माहीत नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

आता नीट लोड

तीन वाजायला आले होते. हातात अडीच तास.

बिलाचे रिपोर्ट शेड्यूलवरून काढले. वर्क मेम १६ एमबी केलं, शेअर्ड बफर्स २ जीबी. दुसऱ्यासाठी रीस्टार्ट लागतो, तो यावेळी ठरवून केला. 'मॅक्स वॉल साइझ' १ जीबीवरून ८ वर नेली, कारण लॉगमध्ये 'चेकपॉइंट्स आर ऑकरिंग टू फ्रीक्वेंटली' ही कुरकुर सारखी दिसत होती. प्रत्येक चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खं वॉलमध्ये जातं, म्हणजे जितके चेकपॉइंट जवळजवळ तितकं वॉल जास्त. मर्यादा वाढवली की क्रॅशनंतर सावरायला जास्त वेळ लागतो, हे मान्य करून वाढवायची. 'एफसिंक' (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री) बंद करून वेग वाढतो असं कोणी सांगेल. चालू कारभार असलेल्या डेटाबेसवर तसं सुचवणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

मग पूर्ण सीएसव्ही एका स्टेजिंग टेबलात ओतली. ना इंडेक्स, ना फॉरेन की, ना ट्रिगर. हे टेबल अनलॉग्डच ठेवलं. क्रॅश झालाच तर सीएसव्ही हाताशी होती, आणि यावेळी त्या टेबलात कष्टाचं काही करायचं नव्हतं. आवृत्ती १४ पासून 'पीजी स्टॅट प्रोग्रेस कॉपी' मध्ये किती ओळी आत गेल्या ते दिसतं. त्यामुळे "अजून चालू आहे का हो?" हा प्रश्न मिटतो.

तिथून मुख्य टेबलात महिन्यामहिन्याने. सहा वर्षं म्हणजे ७२ तुकडे, एकात साधारण साडेपाच लाख ओळी. फॉरेन की तशाच ठेवल्या. तुकडा लहान असला की चिठ्ठ्यांची रांगही लहान राहते, मग त्यांचं ओझं वाटत नाही. फॉरेन कीचे ट्रिगर तात्पुरते बंद करायचा मोह टाळा. पुन्हा चालू केल्यावर पोस्टग्रेस मधल्या ओळी तपासत नाही, तुम्ही नीट टाकल्याच असतील असं धरून चालतो. फॉरेन की नकोच असेल तर ती काढून टाका आणि नंतर नव्याने लावा, तेव्हा सगळ्या ओळी तपासल्या जातात.

खात्यावर रक्कम चढवणारा ट्रिगर मात्र बंद करायलाच हवा होता. तो कुठे बंद करायचा, यात गंमत आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला बंद करून शेवटी चालू केला आणि मधेच काही झालं, तर सकाळचं संकलन ट्रिगरविना चालेल आणि कोणाच्याच खात्यावर काही चढणार नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या ट्रान्झॅक्शनच्या आत: बिगिन, ट्रिगर बंद, त्या महिन्याच्या ओळी टाक, ट्रिगर चालू, नोंदवहीत एक ओळ, कमिट (सगळं पक्कं). पोस्टग्रेसमध्ये ट्रिगर बंद करणंही ट्रान्झॅक्शनचाच भाग असतं. तुकडा फसला तर ते बंद करणंसुद्धा रोलबॅक होतं. तेवढा वेळ टेबलावर दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही, म्हणून हे रात्रीचंच काम. तुमची फॉरेन की 'डिफर्ड', म्हणजे तपासणी कमिटपर्यंत ढकलणारी, असेल तर शेवटी ट्रिगर चालू करताना 'पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स' चा एरर येईल. त्याआधी 'सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट' म्हणून तपासणी उरकून घ्या.

नोंदवही म्हणजे एक छोटं टेबल: महिना, ओळी, एकूण लिटर, वेळ. ती ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये गेली पाहिजे, नाहीतर तिला अर्थ नाही. स्क्रिप्ट सुरू होताना नोंदवहीत नसलेला पहिला महिना शोधते आणि तिथून लागते. एका महिन्याला सव्वा मिनिट लागत होतं. ज्युनियरला म्हटलं, आता मुद्दाम एकदा बंद करून बघ. त्याने अकराव्या महिन्यात कंट्रोल सी मारलं, पुन्हा लावलं. अकराव्यापासूनच सुरू झालं. तेव्हा कुठे त्याच्या आवाजात जरा जीव आला.

चार पस्तीसला बहात्तरावा महिना कमिट झाला. संकलनाच्या टेबलावर व्हॅक्यूम ॲनालाइझ चालवलं. ॲनालाइझ विसरलात तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अजून दीड महिन्याच्याच आकडेवारीच्या हिशेबाने प्लॅन करत राहतो, सकाळी साधी स्क्रीन उघडायला मिनिट लागतं, आणि मग पुन्हा 'सर्व्हर बसला' म्हणून फोन येतो. दरमहा एकूण लिटर जुन्या सिस्टिमच्या छापील गोषवाऱ्याशी ताडून बघितले. नुसत्या ओळी मोजू नका. दशांश चिन्ह घसरलं असेल तर ओळींची संख्या तरी बरोबरच येते.

मेमरीचा एक बंदोबस्त मी दुसऱ्या दिवसावर टाकला होता. कर्नलची 'ओव्हरकमिट मेमरी' २ केली की तो ऐपतीबाहेरची मेमरी कबूलच करत नाही. मग सिग्नल ९ सहसा येत नाही, त्या एका क्वेरीला 'आउट ऑफ मेमरी' चा एरर मिळतो आणि बाकीचे वाचतात. पण त्याच मशीनवर जावा असेल तर तिचीही मागणी नाकारली जाऊ शकते. त्यामुळे आधी जावाला दुसरं मशीन दिलं, मग हे केलं. पहाटे पाचला असल्या सेटिंगना हात लावायचा नसतो.

पाच अडतीसला पहिली जिवंत नोंद आली. म्हैस, साडेचार लिटर, फॅट ७.१, दर ५२. मी ज्युनियरला त्या उत्पादकाची देय रक्कम वाचायला सांगितली, आधीची आणि आत्ताची. त्याने दोन्ही वाचल्या. फरक २३४ रुपये.